पब्लिक हेल्थमध्ये नक्की काय काम असतं आणि त्यात शिरायचं कसं, अगदी पहिल्यापासून

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली होती ते आठवत असेल. सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी हा सगळा पट्टा रोज बातम्यांमध्ये होता. पब्लिक हेल्थ म्हणजे काय हे व्याख्येने सांगण्यापेक्षा त्या साथीवरून सांगतो, कारण व्याख्या कुणाच्या लक्षात राहत नाही.

जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते आणि हातापायातली ताकद जाते. एरवी वर्षभरात लाखामागे एखाद-दोन जणांना होतो. म्हणजे एकाच भागातून थोड्या दिवसांत असे बरेच पेशंट यायला लागले की काहीतरी गडबड आहे हे ओळखायला आधी नॉर्मल किती असतं ते माहीत पाहिजे. आता बघा, आयसीयूमधला डॉक्टर समोरच्या पेशंटला वाचवत होता, व्हेंटिलेटर लावत होता, इम्युनोग्लोब्युलिन देत होता, ती झाली क्लिनिकल मेडिसिन. पण त्याच वेळी कुणीतरी पेशंटचे पत्ते नकाशावर टाकत होतं, कुणी घरोघर जाऊन जुलाब झाले होते का, पाणी कुठलं पिता विचारत होतं, पाण्याचे आणि शौचाचे नमुने घेतले जात होते, एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत) त्यांची तपासणी होऊन कॅम्पायलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडत होते, विहिरीत आणि टँकरमध्ये क्लोरीन आहे का ते कुणी बघत होतं, आणि कुणीतरी लोकांना समजावत होतं की हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही, घाबरू नका, पाणी उकळा. हे दुसरं सगळं म्हणजे पब्लिक हेल्थ.

आणि लक्षात घ्या, त्या दुसऱ्या यादीतल्या निम्म्या कामांना एमबीबीएस लागत नाही. मला या लेखात मुख्य हेच सांगायचंय. पब्लिक हेल्थ ही एक नोकरी नाहीये, आठ-दहा वेगवेगळ्या नोकऱ्या आहेत, त्यातली कुठली करायची ते आधी ठरवा आणि मग डिग्री निवडा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. नीटला नंबर लागला नाही, बीएस्सी झालं, पुढे काय म्हणून एमपीएच म्हणजे मास्टर ऑफ पब्लिक हेल्थ, आणि दोन वर्षांनी हातात डिग्री घेऊन विचारतात की आता काय करू.

पायरी 1: आधी यंत्रणा समजून घ्या

ही कितीही कंटाळवाणी वाटली तरी सोडू नका, इंटरव्ह्यूला निम्मे लोक इथेच अडकतात.

सगळ्यात खाली गावात आशा, साधारण हजार लोकसंख्येला एक. 2005 ला राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं त्यातून हे पद आलं. तिला पगार नाही, मानधन आणि कामावर आधारित मोबदला मिळतो. साधारण वीसेक आशांवर एक गटप्रवर्तक. मग उपकेंद्र, सपाट भागात 5 हजार आणि आदिवासी-डोंगरी भागात 3 हजार लोकसंख्येला, तिथे एएनएम म्हणजे आरोग्य सेविका, एमपीडब्ल्यू म्हणजे आरोग्य सेवक, आणि आता सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ज्याला सगळे पीएचसीच म्हणतात, 30 हजार किंवा डोंगरी भागात 20 हजार लोकसंख्येला. तिथे मेडिकल ऑफिसर, आरोग्य सहाय्यक, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट. मग ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय.

इथे एक गोम आहे. पीएचसी आणि उपकेंद्र जिल्हा परिषदेकडे, म्हणजे तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे, आणि जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनकडे. डीएचओ आणि सीएस हे दोन वेगळे साहेब, दोन वेगळी ऑफिसं, आणि जिल्ह्यात कुठलाही कार्यक्रम राबवायचा तर दोघांना एका टेबलावर आणणं हेच अर्धं काम असतं. शहरात महापालिकेचं तिसरंच खातं. पुण्यात ती साथ आली तो भाग बऱ्यापैकी महापालिकेत नव्याने आलेल्या गावांचा होता, म्हणजे पाणी कुणाचं आणि जबाबदारी कुणाची हे प्रश्न आलेच. रोगाचा जंतू पुस्तकात सापडतो, हे असलं काही पुस्तकात नसतं.

पायरी 2: साथ कशी शोधतात ते एकदा करून बघा

एपिडेमिऑलॉजी, म्हणजे साथरोगशास्त्र, हा शब्द ऐकून बरेच जण घाबरतात. मूळ गणित सातवीच्या मुलाला जमेल असं आहे.

समजा एका गावात लग्नाच्या जेवणानंतर लोकांना उलट्या-जुलाब झाले. 200 जण जेवले. सगळ्यात आधी काय करायचं तर आजारी कुणाला म्हणायचं ते ठरवायचं, उदाहरणार्थ जेवणानंतर 48 तासांत तीनपेक्षा जास्त वेळा जुलाब झालेला माणूस. ही झाली केस डेफिनिशन, ती नसेल तर ज्याला नुसती अॅसिडिटी झाली तोही मोजला जातो. मग लाइन लिस्ट, म्हणजे साधी एक्सेल शीट, एका ओळीत एक पेशंट, वय, लिंग, वस्ती, लक्षणं कधी सुरू झाली तारीख आणि वेळेसकट, काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायलं. मग तासांप्रमाणे केसेसचा ग्राफ. ग्राफ एकदम वर जाऊन एकदम खाली आला तर सगळ्यांनी एकाच वेळी एकच काहीतरी खाल्ल्याची शक्यता, हळूहळू लाटा येत असतील तर एकाकडून दुसऱ्याला पसरतंय. मग नकाशा.

आता गणित. बासुंदी खाणारे 120, त्यातले 48 आजारी, म्हणजे 40 टक्के. न खाणारे 80, त्यातले 4 आजारी, म्हणजे 5 टक्के. 40 भागिले 5, आठ. बासुंदी खाणाऱ्यांना धोका आठपट. हेच गणित पुरी, भाजी, मठ्ठा, पाणी सगळ्यासाठी करायचं आणि कुठला आकडा मोठा येतो बघायचं. याला रिलेटिव्ह रिस्क म्हणतात. आणि हो, आजारी 52 जणांनाच विचारून चालत नाही, जे ठणठणीत आहेत त्यांनाही विचारावं लागतं, नवीन माणूस हमखास हे विसरतो, कारण तुलना करायला दुसरी बाजूच नसते मग.

लंडनमध्ये 1854 ला जॉन स्नो यांनी कॉलऱ्याच्या वेळी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं जे केलं ते मुळात हेच होतं, आणि तेव्हा कॉलऱ्याचा जंतू मान्य सुद्धा झालेला नव्हता. कारण पूर्ण कळायची वाट न बघता साथ थांबवता येते.

गावात पाणी संशयित असेल तर आपल्याकडची पद्धत अशी, ओटी टेस्ट करायची, पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतो का, ती पावडर कधीची आहे, कुठे ठेवली आहे हे बघायचं. उघड्या पोत्यात पडलेल्या पावडरीतला क्लोरीन उडून गेलेला असतो, मग रजिस्टरमध्ये रोज शुद्धीकरण झाल्याची सही आणि पाण्यात क्लोरीन शून्य. पाण्याच्या स्रोतांची तपासणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात, लाल म्हणजे जोखीम जास्त. सलग काही वर्षं चांगलं काम असेल तर चंदेरी कार्ड. तुमच्या गावाला कुठलं कार्ड आहे ते जाऊन विचारा, पब्लिक हेल्थचा पहिला फील्ड व्हिजिट फुकटात होईल.

पायरी 3: तुम्ही कुठून येताय त्यावर दार ठरतं

दहावी-बारावी झालेले: आरोग्य सेवक, आरोग्य सेविका. सेविकेला एएनएमचा कोर्स आणि नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. आरोग्य सेवक पुरुष हे जिल्हा परिषदेचं पद, दहावी विज्ञान आणि बहुउद्देशीय कर्मचाऱ्याचा 12 महिन्यांचा अभ्यासक्रम. त्याच्या जाहिरातीत 40 टक्के आणि 50 टक्के असे दोन कोटे दिसतात, त्यातला 50 टक्केवाला हंगामी फवारणीचं काम केलेल्यांसाठी असतो, 90 दिवसांचा अनुभव लागतो. खूप मुलं चुकीच्या कोट्यात फॉर्म भरतात आणि कागदपत्र तपासणीला बाद होतात. तसंच सॅनिटरी इन्स्पेक्टरचा डिप्लोमा, नगरपालिका-महापालिकेत स्वच्छता निरीक्षक होता येतं, अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्थेचा हा कोर्स जुना आणि माहितीतला आहे. या पदाला लोक नाक मुरडतात, पण डेंग्यूच्या सीझनमध्ये शहराची तब्येत याच माणसाच्या हातात असते.

बीएएमएस, बीयूएमएस, बीएस्सी नर्सिंग: सीएचओ. सहा महिन्यांचं ट्रेनिंग आणि मग उपकेंद्रावर पोस्टिंग. बीपी, शुगर, कॅन्सरचं स्क्रीनिंग, माता-बाल आरोग्य असं सगळं बघायला मिळतं. दोन वर्षं मनापासून केलं तर नंतर कुठल्याही एमपीएचच्या वर्गात तुम्ही बाकीच्यांपेक्षा पुढे असाल. शाळा-अंगणवाड्यांमध्ये मुलं तपासणाऱ्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) टीममध्येही आयुष डॉक्टर असतात.

बीडीएस, फिजिओ, फार्मसी, न्यूट्रिशन: तुमच्यासाठी एमपीएच हाच बहुतेक वेळा सरळ रस्ता. डेंटिस्ट तर या क्षेत्रात इतके आहेत की विचारू नका.

बीएस्सी स्टॅट्स, मॅथ्स, कॉम्प्युटर: तुम्हाला वाटतं त्यापेक्षा तुमची किंमत जास्त आहे. डेटा गोळा करणारे ढीगभर, तो नीट वाचणारे कमी. बायोस्टॅटिस्टिक्स किंवा डेमोग्राफी बघा, मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था त्यासाठीच ओळखली जाते, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचं (एनएफएचएसचं) काम तिथूनच चालतं.

बीए, एमएसडब्ल्यू, पत्रकारिता: कार्यक्रम राबवणं, लोकसंघटन, आरोग्य संवाद, धोरण. तालुका समूह संघटक सारखी पदं तुमच्यासाठीच आहेत.

एमबीबीएस: पीएचसीवर मेडिकल ऑफिसर, नंतर टीएचओ, डीएचओ ही शिडी. किंवा नीट पीजीतून एमडी कम्युनिटी मेडिसिन, ज्याला जुने लोक अजून पीएसएमच (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. डब्ल्यूएचओच्या सर्व्हेलन्स मेडिकल ऑफिसरच्या जागा असतात, पोलिओच्या कामातून उभी राहिलेली ती यंत्रणा आहे. भारतात पोलिओचा शेवटचा पेशंट 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला आणि 2014 च्या मार्चमध्ये पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, मधली तीन वर्षं लुळेपणाची प्रत्येक केस शोधून तिचे नमुने तपासत राहणं हे त्या लोकांचं काम. दिल्लीच्या एनसीडीसीचा (राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राचा) ईआयएस म्हणजे एपिडेमिक इंटेलिजन्स सर्व्हिस प्रोग्राम पण बघा, साथ शोधण्याचं हातावरचं ट्रेनिंग.

इंजिनिअर्सनी वाचणं थांबवू नका, पाणी, सांडपाणी, घनकचरा हे सगळं पब्लिक हेल्थच आहे आणि त्यात डॉक्टरांचं फारसं काही चालत नाही.

पायरी 4: डिग्रीच्या आधी फील्ड

माझं ठाम मत, ग्रॅज्युएशननंतर थेट एमपीएचला जाऊ नका. सहा महिने, वर्ष कुठेतरी काम करा. सर्व्हेला फील्ड इन्व्हेस्टिगेटर म्हणून जा, एखाद्या एनजीओत जा, टीबीच्या नाहीतर कुपोषणाच्या प्रोजेक्टवर जा. उन्हात वस्तीवर फिरून एका घरात पाऊण तास प्रश्नावली भरून घेतल्यावर कळतं की मागच्या 24 तासांत बाळाने काय खाल्लं या एका प्रश्नाला किती खोटी उत्तरं येतात आणि का येतात. सासू शेजारी बसलेली असते म्हणून येतात. हे माहीत असलेला माणूस आणि नसलेला माणूस एकच टक्केवारी वेगवेगळी वाचतात.

महाराष्ट्रात तर बघायला जागा आहेत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 ला काम सुरू केलं आणि गावातल्या कमी शिकलेल्या, काही तर निरक्षर बायकांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च या संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं, 1999 ला त्याचा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि घरोघरी नवजात बालसेवा ही कल्पना पुढे सरकारी कार्यक्रमात गेली. आज आशा बाळंतपणानंतर घरी येऊन बाळाचं वजन करते त्याच्या मागे हे आहे. आरोळे काय, बंग काय, दोन्ही जोडपी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत ग्रामीण भागात आली. सर्चचा तरुणांसाठी निर्माण नावाचा उपक्रमही आहे, तिथून बरेच जण या क्षेत्रात आलेत.

कुठे जाणं जमतच नसेल तर घरी बसून एक करा. तुमच्या जिल्ह्याची एनएफएचएस-5 ची फॅक्टशीट डाउनलोड करा, फुकट आहे. 2019-21 च्या त्या पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची साधारण 35 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी निघाली. तुमच्या जिल्ह्यात किती? शेजारच्या जिल्ह्यात किती? फरक का असेल? यावर दोन पानं मराठीत लिहा. ही दोन पानं इंटरव्ह्यूला घेऊन गेलेला उमेदवार वेगळा उठून दिसतो, समोर बसून बघितलंय.

पायरी 5: एमपीएच कुठे

मुंबईत टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस), तिथे सोशल एपिडेमिऑलॉजी आणि हेल्थ पॉलिसीकडे कल. पुणे विद्यापीठात आरोग्य विज्ञानाचा विभाग आहे. सेवाग्रामच्या एमजीआयएमएस या मेडिकल कॉलेजला गावातल्या कामाची जुनी परंपरा. राज्याबाहेर त्रिवेंद्रमची श्रीचित्रा संस्था, चेन्नईची एनआयई (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ एपिडेमिऑलॉजी), दिल्लीत जेएनयू, कलकत्त्याची 1932 पासूनची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजीन अँड पब्लिक हेल्थ, आणि गांधीनगर, हैदराबाद वगैरे ठिकाणच्या आयआयपीएच (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पब्लिक हेल्थ). श्रीचित्रा आणि एनआयईला वैद्यकीय पार्श्वभूमी आणि अनुभवाला वजन आहे, पात्रता नीट वाचा.

खाजगी कॉलेजं आता भरपूर निघालीत, फी लाखांत. त्यांना फोन करून हे विचारा: इंटर्नशिप किती महिन्यांची आणि कुठे? थिसिससाठी स्वतः डेटा गोळा करावा लागतो का? स्टॅट्स कुठल्या सॉफ्टवेअरवर शिकवता? मागच्या बॅचमधल्या दोघा-तिघांचे नंबर देता का? शेवटच्या प्रश्नाला टाळाटाळ झाली की फोन ठेवा. आणि प्लेसमेंटच्या आकड्यात हॉस्पिटलच्या बिलिंग डेस्कच्या नोकऱ्या धरल्यात का तेही बघा, हॉस्पिटल अॅडमिनिस्ट्रेशन आणि पब्लिक हेल्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कॉलेजवाले मुद्दाम एकत्र करून दाखवतात.

परदेशात जायचं असेल तर अनुभव आधी पाहिजेच, ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला दोन वर्षांचा आणि अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्सला तीन वर्षांचा लागतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, समाजकल्याणची जाहिरात आली की कागदपत्रं तयार असू द्या, धावपळ नको.

पायरी 6: हाताला काय यायला पाहिजे

एक्सेल, ते पण पिव्होट टेबलसकट. आर किंवा स्टाटा यातलं स्टॅट्सचं एक सॉफ्टवेअर. मोबाईलवर सर्व्हे करायला कोबो टूलबॉक्स, आणि नकाशाला क्यूजीआयएस. आर आणि क्यूजीआयएस पूर्ण फुकट आहेत. यूट्यूबवर सगळं सापडतं.

आणि मराठी. हसू नका. जिल्ह्यात काम करायचं तर जीआर वाचता आला पाहिजे, सरपंचाला पत्र लिहिता आलं पाहिजे, आशांच्या मीटिंगमध्ये अॅनिमिया म्हणजे काय ते इंग्रजी न मारता बोलता आलं पाहिजे. लोकांशी बोलणं जमलं नाही तर काय होतं त्याचा धडा पुण्यातच आहे. 1897 ला प्लेगच्या वेळी रँडच्या कमिटीने गोरे सोल्जर घराघरात घुसवले, देवघरापर्यंत गेले, लोक आजारी माणूस लपवायला लागले, म्हणजे साथ रोखायची तर पेशंटच सापडेना, आणि पुढे चापेकरांनी रँडवर गोळ्या झाडल्या. त्याच साथीत सावित्रीबाई प्लेगच्या पेशंटची सेवा करत होत्या आणि त्यातच गेल्या. आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली होती. लस, सक्ती, सेवा, तिन्ही एका वर्षात. कोव्हिडच्या लसीला आदिवासी पाड्यांवर नकार आला तेव्हा आशांनी दहादहा वेळा जाऊन तो कसा मोडला हे ज्यांनी पाहिलं त्यांना वेगळं सांगायला नको.

पायरी 7: नोकरी

सरकारी कायम पदं जिल्हा परिषद, सार्वजनिक आरोग्य विभाग, महापालिका आणि एमपीएससीतून. एनएचएमची (राष्ट्रीय आरोग्य अभियानाची) पदं जिल्ह्याच्या सोसायटीतून निघतात, जाहिरात झेडपीच्या वेबसाइटवर येते आणि कधीकधी मुदत जेमतेम आठवड्याची असते, म्हणून आपल्या आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांच्या साइट दर सोमवारी उघडायची सवय लावा. एनएचएममध्ये खरं सांगायचं तर कंत्राट, अकरा महिन्यांची ऑर्डर, मग एक दिवसाचा ब्रेक, मग पुन्हा ऑर्डर. कायम करा म्हणून संप होतच असतात. पण शिकायला मिळतं ते दुसरीकडे मिळत नाही, तीन-चार वर्षांत एक अख्खा जिल्हा तळहातासारखा माहीत होतो. घरची जबाबदारी लगेच अंगावर असेल तर मात्र कायम पदाची तयारी सोबत चालू ठेवा, नुसत्या भरवशावर राहू नका.

एनजीओ आणि कन्सल्टन्सीत पैसे तुलनेने बरे, पण फंडिंग संपलं की प्रोजेक्ट संपला. जॉइन होताना विचारून घ्या की ग्रँट कधीपर्यंत आहे, यात लाजण्यासारखं काही नाही. कंपन्यांच्या सीएसआरवाल्यांकडे प्रवास आणि रिपोर्ट जास्त. रिसर्च संस्थांमध्ये प्रोजेक्ट असोसिएटच्या जागा निघतात, पीएचडी करायची असेल तर तो मार्ग धरा.

इंटरव्ह्यूला हमखास येणारे प्रश्न: इन्सिडन्स (नव्या केसेस) आणि प्रिव्हलन्स (नव्या-जुन्या मिळून एकूण केसेस) यात फरक, माता मृत्यू दर कशामागे मोजतात (एक लाख जिवंत जन्मांमागे), टीबीचे पेशंट कुठल्या पोर्टलवर नोंदवतात (निक्षय), तुमच्या जिल्ह्यातल्या पीएचसी किती, आणि एखाद्या गावात गोवराच्या तीन केसेस आल्या तर पहिल्या दिवशी काय कराल. शेवटच्या प्रश्नाला लसीकरण कॅम्प घेऊ असं लगेच बोलू नका, आधी केस पक्की करू, नमुने पाठवू, टीएचओला कळवू, आजूबाजूच्या घरात अजून ताप-पुरळवाली मुलं शोधू, कुणाचे डोस राहिलेत ती यादी काढू, मग कॅम्प.

एक शेवटचं, अनुभव प्रमाणपत्र. प्रत्येक ठिकाण सोडताना लेटरहेडवर, पदाचं नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचं स्वरूप, सही आणि शिक्का असं घ्या. सरकारी भरतीत अनुभवाला गुण असतात आणि नुसती सॅलरी स्लिप किंवा व्हॉट्सअॅपवरचं अभिनंदन चालत नाही, आणि तुम्हाला ओळखणारा प्रोजेक्ट मॅनेजर दोन वर्षांनी तिथे असेलच असं नाही, म्हणून शेवटच्या पगाराबरोबरच मागून घ्या.